सांभाळायला काहीतरी
(बालवाडी आणि अंगणवाडीच्या ताईंसाठी तयार केलेल्या हस्तपुस्तिकेची प्रस्तावना)

चार वर्षांच्या मुलाला पर्यावरण वाचवायला सांगू नये. पर्यावरणाच्या पुस्तकाची सुरुवात अशा वाक्याने झालेली काहींना खटकेल, पण हे पुस्तक ज्या विचारावर उभं आहे तो हाच, म्हणून आधीच सांगून टाकलेला बरा. बालवाडीतल्या मुलाला सांभाळायला काहीतरी द्यावं. एखादं रोप, कढीपत्त्यावरची अळी, पक्ष्यांसाठी भरून ठेवायचं पाण्याचं भांडं, अंगणाचा एखादा कोपरा. त्याचा हात तिथे पोचला पाहिजे, रोज भेट झाली पाहिजे आणि आपण विसरलो तर काय होतं ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. अख्खी पृथ्वी सांभाळणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे. ती त्याच्या खांद्यावर ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.

या वयाचं मूल दिवसभर कुणाकडून तरी सांभाळलं जात असतं. त्याला कुणी भरवतं, न्हाऊ घालतं, रस्ता ओलांडताना त्याचं बोट धरतं. त्यामुळे सांभाळणं म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि आपणही कुणाला तरी सांभाळावं अशी त्याला मनापासून ओढ असते. धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायला धडपडणारी, बाहुलीला थोपटून झोपवणारी, मांजराच्या पिलाला दूध पाजायचा हट्ट धरणारी मुलं प्रत्येक ताईने पाहिली आहेत. पर्यावरणाचं शिक्षण या ओढीला धरून सुरू व्हायला हवं. आपण मात्र बहुतेक वेळा ते भीतीपासून सुरू करतो. बर्फ वितळतोय, जंगलं जळताहेत, वाघ संपत चाललेत. हे सगळं खरं आहे, पण चार वर्षांच्या मुलाला त्यातल्या एकाही गोष्टीबद्दल काही करता येत नाही. जिच्याबद्दल काहीच करता येत नाही अशी गोष्ट मूल एकतर मनात धरून घाबरतं, नाहीतर पाठ करून स्नेहसंमेलनात म्हणून दाखवतं. दोन्हींतून त्याचं आणि झाडाचं नातं जुळत नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९६ साली ‘बियाँड इकोफोबिया’ या लहानशा पुस्तकात हे मांडलं. ज्या वयात मुलांना निसर्गाची सोबत हवी असते त्या वयात त्यांच्यापुढे निसर्गाच्या शोकांतिका ठेवल्या, तर मुलं निसर्गापासून लांबच जातात, असं त्यांचं म्हणणं आहे. लुईज चावला या संशोधक बाईंनी उलट्या बाजूने शोध घेतला. केंटकी आणि नॉर्वे इथे पर्यावरणासाठी काम करणाऱ्या ५६ जणांना त्यांनी विचारलं, की तुम्ही या वाटेला कसे लागलात? उत्तरांत सर्वांत जास्त वेळा आल्या त्या दोन गोष्टी. निसर्गातली एखादी जागा, जिथे मनसोक्त वावरायला मिळालं, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस, ज्याने त्या जागेकडे बघायला शिकवलं. कीटकनाशकांच्या विषाबद्दल जगाला जागं करणाऱ्या रेचेल कार्सन यांनीही ‘सायलेंट स्प्रिंग’च्या सहा वर्षं आधी, १९५६ साली, लहान मुलाबरोबर निसर्ग कसा पाहावा यावर एक लेख लिहिला होता. त्यांच्या मते मुलाला आधी काहीतरी वाटायला हवं, माहिती मागाहून येते. आणि त्यासाठी त्याच्याबरोबर तितक्याच नवलाने बघणारं एक मोठं माणूस लागतं, मग त्या माणसाला पक्ष्यांची नावं येत नसली तरी चालेल. निसर्गाचं आपल्याला फार कळत नाही म्हणून संकोचणाऱ्या ताईंनी हे जरूर लक्षात ठेवावं.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. समुद्रकाठचं हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. त्याआधी ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलेलं होतं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता, आणि माँटेसरी पद्धती त्यांनी कोळून प्यायली होती. बोर्डीला आल्यावर त्यांच्यासमोर साधी अडचण उभी राहिली. माँटेसरीची साधनं महाग, आणि खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणं शक्यच नव्हतं. तेव्हा ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी आजूबाजूला जे पडलेलं होतं तेच साधन म्हणून हाती घेतलं. शंख, शिंपले, बिया, पानं, खडे, माती.

महागाला स्वस्त पर्याय, एवढाच याचा अर्थ लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत मांडताना मुलाला क्रम कळतो, तसा किनाराही कळतो. कुठला शिंपला भरतीनंतर सापडतो, कुठला वाळूत रुतलेला असतो, कुठल्याच्या आत अजून जीव आहे म्हणून तो परत ठेवायचा, हे सगळं त्या मोजण्याबरोबर आपोआप येतं. दुकानातून आणलेल्या रंगीत प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी मोजणी जमते, पण ठोकळा कुठून आला हा प्रश्न मुलाला पडत नाही आणि पडला तरी उत्तर शोधायला जायची सोय नसते.

याच कामातून अंगणवाडी आणि कुरणशाळा जन्माला आल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. थोडी मोठी मुलं गुरांमागे जात, त्यांना शाळेत बसणं शक्यच नव्हतं, तेव्हा शाळा कुरणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांतल्या मुलांमध्ये हे काम रुजलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी तिथे उभी राहिली आणि अनुताईंनी तिला आपलं आयुष्य दिलं. कुरणशाळेत मुलांना निसर्गाकडे न्यावं लागलं नाही, कारण ती तिथेच होती. शिक्षकाने त्यांच्या जागी जाऊन बसायचं होतं. गवताच्या जाती, गुरांची दुखणी, कुठल्या ओहोळाला पाणी किती दिवस टिकतं, हे त्या मुलांना शिक्षकापेक्षा जास्त माहीत असणार. शिकवणाऱ्याने आधी शिकायचं, ही त्या पद्धतीची अटच होती. आज सहलीच्या बसमधून मुलांना दोन तास ‘निसर्ग’ दाखवून आणणाऱ्या शाळांनी कोसबाडचा हा धडा पुन्हा वाचायला हवा.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात तिच्या लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी, गरोदर बायकांच्या भेटी अशी कामं सेविकेच्या अंगावर आहेत. ती सगळी गरजेची आहेत, त्यांतून मुलं जगली आहेत. दुसऱ्या टोकाला शहरातल्या नर्सऱ्या आहेत. तिथे साडेतीन वर्षांच्या मुलाला रेघेत अक्षर काढायला बसवतात आणि आईबाप वही उघडून पानं मोजतात. दोन्हीकडे अंगणात बसायला वेळ उरत नाही, कारणं मात्र अगदी वेगळी आहेत. धोरणाच्या पातळीवर दार उघडं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने त्यात खेळाला आणि भोवतालाला मानाची जागा दिली. शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं होतं. त्यानंतर पुस्तकं आली, प्रकल्प-वह्या आल्या, गुण आले. बालवाडी अजून त्यांच्या बाहेर आहे. आपल्याकडे परिसर अभ्यासाचं पुस्तक तिसरीत हाती येतं. म्हणजे तीन ते सहा ही वर्षं पुस्तकाशिवायची आणि परीक्षेशिवायची आहेत. ती तशीच राहोत, आणि म्हणूनच ही पुस्तिका मुलांच्या हातात द्यायची नाही, ती ताईसाठी आहे.

पुस्तिकेतला सर्वांत लांब भाग कढीपत्त्यावरच्या अळीचा आहे. एका अळीला एवढी पानं कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी तो भाग इथे थोडा उलगडून सांगते.

पावसाळ्यात कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर कॉमन मॉरमॉन जातीचं फुलपाखरू अंडं घालतं. फिकट पिवळं, गोल, मोहरीहूनही लहान. तीन-चार दिवसांनी त्यातून अळी येते, आणि ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, ओलसर चकाकी. मुलांना प्रथम ती घाणच वाटते. मग ती घाण हलते. त्या क्षणाला मुलांच्या तोंडून जो आवाज येतो तो कुठल्याही धड्याने काढता येत नाही. काही दिवसांनी कात टाकून तीच अळी हिरवीगार होते आणि पानात इतकी मिसळून जाते, की काल दिसलेली अळी आज शोधावी लागते. एखाद्याने काडीने डिवचलंच, तर डोक्यामागून दोन फाट्यांचं लालसर शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तिला राग आला, असं मुलं म्हणतात. म्हणू द्यावं. पुढे ती खायची थांबते, फांदीला तिरकी टेकते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून घेते आणि कोष होते. आठवडा-दीड आठवडा काहीच घडत नाही. रोज जायचं, बघायचं आणि काही झालेलं नाही हे पाहून परत यायचं, ही या उपक्रमातली सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट आहे. वाट बघणं मुलांना दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

हे सगळं झाडावरच घडू द्यावं, अळी बरणीत कोंडू नये. झाडावर ठेवलं की खरे प्रश्न समोर येतात. फोडणीला पानं आपल्यालाही हवीत आणि तिलाही. मग काय करायचं? मुलांना विचारलं, तर बहुतेक वेळा ती वाटणीच सुचवतात. ही फांदी तिची, ती आपली. खाऊच्या वाटणीत जी पंचाईत होते तीच इथे होते आणि मुलं ती तितक्याच गांभीर्याने सोडवतात. घरी कुणी झाडावर औषध मारायला निघालं तर आडवी येणारी मुलं इथून तयार होतात, कारण त्या झाडावर त्यांच्या ओळखीचं कुणीतरी राहत असतं.

आणि अळी मरते. हे लपवायचं नाही. कधी बुलबुल उचलतो, कधी पाल, कधी मुंग्या ओढून नेतात. कधी कोष काळवंडतो, त्याला बारीक भोक पडतं आणि आतून फुलपाखराऐवजी गांधिलमाशीच्या कुळातले चिमुकले कीटक बाहेर येतात. रडणाऱ्या मुलाला ‘ती देवाघरी गेली’ असं सांगून विषय मिटवण्यापेक्षा बुलबुलाचीही पिलं घरट्यात वाट बघत असतात, हे सांगावं. ते ऐकून त्याचं रडणं थांबेलच असं नाही. रडू द्यावं. जिवलगासाठी आलेलं ते रडू आहे. मुलं मृत्यूबद्दल जे प्रश्न विचारतात त्यांची सगळी उत्तरं ताईकडे असायलाच हवीत असं नाही, पण प्रश्न ऐकून घ्यायला ती हवी.

दुसरा उपक्रम घटस्थापनेचा. आश्विनात घरोघरी मातीत धान्य पेरतात आणि नऊ दिवसांत ते वीतभर वाढतं. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं हे धान्य पिवळसर वाढतं, आणि खेड्यांत दसऱ्याला ते टोपीत खोवायची रीत आहे. बालवाडीत त्याच दिवशी दोन परड्या भराव्यात. एक खिडकीत ठेवावी, दुसरी कोनाड्यात झाकून. पाचव्या-सहाव्या दिवशी दोन्ही शेजारी मांडल्या, की एक हिरवी आणि एक पिवळी दिसते. अंधारातली बहुतेक वेळा जास्त उंच झालेली असते. उजेड शोधायला ती उंच गेली, हे मुलं आपसांत बोलून स्वतःच ठरवतात. मग पिवळी परडी उन्हात आणून ठेवायची. ती हळूहळू हिरवी होत जाते तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरची सुटका पाहण्यासारखी असते. दिवाळीच्या किल्ल्यावर पेरलेले आळीव आणि मोहरीही असंच शिकवतात. किल्ला करताना माती कालवणं, उतारावर पाणी कसं वाहतं ते बघणं, कोंभ आले की मावळ्यांना जपून उभं करणं. मराठी मुलांची पहिली शेती हीच असते आणि तिला कुणीही पर्यावरण-शिक्षण म्हटलेलं नाही.

आपल्या सणांचं आणि ऋतूंचं हे वेळापत्रक हाताशी असताना आपण ५ जूनवर का अडकतो, हे मला समजत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९७२ साली ठरवलेल्या त्या दिवसाचा मान राखावा, पण महाराष्ट्रात तेव्हा शाळांना सुट्टी असते, मृग लागायचा असतो आणि जमीन भाजलेली असते. त्या दिवशी फोटोसाठी लावलेलं रोप पंधरा दिवसांत वाळतं आणि शाळा उघडल्यावर मुलांना काडी दिसते. ज्या मुलाने ते लावलं त्याला त्यातून काय कळलं असेल? झाड लावायचं तर आषाढात, माती आतपर्यंत भिजल्यावर. आणि चाळीस मुलांत चाळीस रोपं नकोत, एकच असावं. त्याला कुंपण असावं, नाव असावं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार हे रोप लावण्याआधी ठरलेलं असावं. मृगाचा पहिला पाऊस झाला, की मातीतून लाल मखमली किडे वर येतात. शाळा उघडताना हे पाहुणे अंगणात हजर असतील, तर वर्षाची सुरुवात त्यांच्यापासून करावी.

कचऱ्याबद्दल पुस्तिकेत एकच उपक्रम आहे. कुंडीतल्या मातीत केळ्याची साल, वाळलेलं पान आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद पुरायचा, जागेवर काडी खोचून खूण करायची आणि महिना-दीड महिन्याने उकरायचं. साल सापडत नाही, पानाची जाळी उरते आणि पुड्याचा कागद धुऊन घेतला तर पुन्हा चकाकतो. यावर भाषण करायची गरज पडत नाही. पण कचऱ्याच्या धड्यात एक धोका आहे आणि तो मी जवळून पाहिला आहे. ‘कचरा घाण, कचऱ्याला हात लावायचा नाही’ हे शिकलेलं मूल कचरा उचलणाऱ्या माणसालाही घाण समजायला लागतं. शहरातल्या कित्येक बालवाड्यांत त्याच वर्गात कचरा वेचणाऱ्या बाईचं मूल बसलेलं असतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचकांचं काम हे काम आहे, त्यांना ओळखपत्र आणि मान हवा, हे या संघटनेने शहराला पटवलं. अशा एखाद्या बाईला बालवाडीत बोलवावं. प्लास्टिकच्या किती जाती असतात, कुठली विकली जाते, कुठली कुणीच घेत नाही, हे ती पिशवी उघडून दाखवू शकते. या विषयातली जाणकार म्हणून तिला खुर्चीवर बसवावं आणि जाताना तिला वेळेचे पैसे द्यावेत.

पाण्याचं शिक्षण सगळीकडे सारखं देता येत नाही. शहरातल्या मुलाला नळ बंद करायला शिकवणं योग्यच आहे. पण माण, जत, आटपाडी किंवा बीडकडच्या एखाद्या गावात टँकरच्या रांगेत आईबरोबर उभं राहिलेलं मूल बालवाडीत आलं आणि आपण त्याला ‘पाणी वाया घालवू नका’ असं बडबडगीत शिकवलं, तर आपण त्याचा अपमान करतो. पाण्याची किंमत ते आपल्याला शिकवेल. त्या मुलाला कमी पडला आहे तो पाण्याचा आनंद. पावसाळ्यात त्या बालवाडीने त्याला मनसोक्त भिजू द्यावं. होड्या सोडाव्यात, ओहोळाला मातीचा बांध घालावा, तो फुटला की पुन्हा घालावा, बांधाच्या वरच्या अंगाला माती किती वेळ ओली राहते ते हात लावून बघावं. पुढे कधीतरी त्याच्या गावात पाणी अडवायचं काम निघालं, तर तो हात त्याला आठवेल.

आता भीतीबद्दल. आईवडिलांना मातीची भीती वाटते, किड्यांची वाटते, साप-विंचवाची वाटते. यातली काही भीती खरी आहे आणि तिच्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. ताईला आपल्या अंगणातली विषारी झाडं ओळखता आलीच पाहिजेत. कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज, घाणेरीची कच्ची फळं, आणि कुंपणाला हमखास लावलेला मोगली एरंड. त्यालाच कुठे चंद्रज्योत म्हणतात. त्याच्या बिया गोडसर लागतात, म्हणून मुलं त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. अशा बातम्या दरवर्षी येतात. म्हणून पहिला नियम असा की ताईला दाखवल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही. दुसरा, दगड उचलायचा तो आपल्यापासून लांबची कड वर करून, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडे पळेल. तिसरा, साप दिसला तर जागच्या जागी थांबायचं आणि ताईला हाक मारायची. हे नियम मुलं खेळासारखे पाळतात. पण ‘ई, किडा!’ असं ओरडून ताई स्वतःच मागे सरकली, तर सगळे नियम वाया जातात. मुलं ताईचं बोलणं ऐकतात त्याहून जास्त तिचा चेहरा वाचतात. ज्या ताईला किड्यांची खरोखर किळस वाटते तिने हे मुलांना मोकळेपणाने सांगावं आणि झाडांचे, मातीचे, पाण्याचे उपक्रम घ्यावेत. त्यात काही कमीपणा नाही.

मुलांच्या घरच्या ज्ञानाचा मान राखणं ही या कामातली मोठी गोष्ट आहे. कातकरी वस्तीतल्या पाच वर्षांच्या मुलाला खेकड्याचं बीळ आणि उंदराचं बीळ यांतला फरक कळतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेवळं कुठे उगवतात, टाकळा कधी खुडायचा, करटुल्याचा वेल कुठल्या कुंपणावर चढतो, हे आजीच्या मागे फिरून मुलांनी पाहिलेलं असतं. एकाच रोपाला कोकणात एक नाव, खानदेशात दुसरं, वऱ्हाडात तिसरं असतं. मुलाने घरचं नाव सांगितलं तर ते चूक ठरवून पुस्तकातलं शिकवू नये. आधी त्याचं नाव पाटीवर लिहावं. ज्या मुलाला वर्गात कधी बोलता येत नव्हतं ते अशा दिवशी सगळ्यांना शिकवायला उभं राहतं.

अंगणच नसलेल्या बालवाड्यांचं काय, हा प्रश्न मुंबई-ठाण्यातल्या ताई नेहमी विचारतात. चाळीतल्या एका खोलीत भरणाऱ्या बालवाडीलाही खिडकी असते, मुंग्या असतात आणि बहुधा समोरच्या भिंतीत उगवलेला पिंपळ असतो. चुन्या-सिमेंटच्या फटीत, मातीशिवाय, तो कसा जगतो याचा वर्षभर पाठपुरावा करता येतो. पानं कधी गळली, लालसर पालवी कधी आली, कुठला पक्षी येऊन बसला. आणि इमारतीला तडा जातो म्हणून एके दिवशी तो कापावा लागला, तर तेही मुलांशी बोलावं. घर आणि झाड यांच्यात कुणाची बाजू घ्यायची, हे प्रश्न मोठेपणी त्यांच्यासमोर येणारच आहेत.

ताईच्या वेळेचा विचार न करता हे सगळं सुचवलं तर ते नुसतं उपदेशाचं पुस्तक होईल. म्हणून एकही उपक्रम दिवसाच्या पंधरा-वीस मिनिटांपलीकडे जात नाही, विकत आणायचं साहित्य नाही, आणि नोंद ठेवण्यासाठी वेगळा तक्ता दिलेला नाही. सेविकांना आधीच पुरेसे तक्ते भरावे लागतात. अनेक अंगणवाड्यांत पोषण वाटिका आहे. तिथला शेवगा, पालक, मेथी यांची राखण मुलांकडे दिली, तर वेगळी बागही लागत नाही आणि आपण पाणी घातलेली भाजी ताटात आली की ती बाजूला सारली जात नाही. पर्यवेक्षक बाईंना एक विनंती आहे. भेटीच्या दिवशी मुलं वर्गात नसून कढीपत्त्याभोवती उकिडवी बसलेली दिसली, तर त्यांना आत बोलावू नका, त्यांच्यात जाऊन बसा.

पुस्तिका जूनपासून मेपर्यंत महिन्यांच्या क्रमाने लावली आहे, पण सुरुवात कुठूनही करता येईल. कढीपत्ता नसेल तर लिंबाचं झाड चालेल. तेही नसेल तर रुईवर बघावं. तिथे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी सापडते, फक्त रुईचा चीक डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. प्रत्येक महिन्यानंतर दोन पानं कोरी सोडली आहेत. पुस्तिकेतली बरीच निरीक्षणं कोकण, पुणे आणि पालघर या भागांतली आहेत. विदर्भात पाऊस आणि शाळा यांचं गणित वेगळं आहे, मराठवाड्यात श्रावणही कोरडा जाऊ शकतो, गोव्याकडे सगळं आधी हिरवं होतं. तुमच्या अंगणात जे वेगळ्या वेळी घडतं, वेगळ्या नावाने ओळखलं जातं किंवा मुळीच घडत नाही, ते त्या पानांवर तारखेसकट लिहा आणि जमलं तर आमच्याकडे पाठवा. पुढची आवृत्ती त्या नोंदींवरून तयार करायची आहे.